ताणावरची बाग

मी पोटापाण्यासाठी शब्द बदलते. म्हणजे इंग्रजीत आलेली माहितीपत्रकं, योजनांच्या पुस्तिका, फलकांवरचा मजकूर मराठीत आणून देते. काम घरी बसून करायचं असतं, त्यामुळे घरातल्या कुणालाच ते काम वाटत नाही. मी टेबलाशी बसून छताकडे बघत असले की नवरा विचारतो, "रिकामी आहेस का?" आणि गिरणीवरून दळण आणायला मला पाठवतो. त्याची चूक नाही. शब्द शोधणारं माणूस आणि रिकामं माणूस लांबून सारखंच दिसतं.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे एक पुस्तिका आली होती. जुने तलाव, बारवा, बुजलेले ओढे पुन्हा जिवंत कसे करायचे, असा विषय. दर परिच्छेदात तीच कल्पना, आणि दर वेळी 'पुनरुज्जीवन' लिहून माझा हात आणि वाचणाऱ्याची जीभ दोन्ही दुखणार होते. म्हणून मी एक यादी केली आणि फ्रिजवर चिकटवली. पुनरुज्जीवन, जीर्णोद्धार, नवसंजीवनी, उजाळा, ऊर्जितावस्था. शेवटच्या शब्दाखाली मुलीनं पेन्सिलीनं लिहिलं, 'हा कोणता आजार?'

त्याच हिवाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले होते. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेले आबा पाचोडजवळच्या आमच्या गावात माझ्या धाकट्या भावाकडे राहतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथं संभाजीनगरात झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर धूळ नको, हादरे नकोत, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आमच्या गावाला जायचं तर या चारही गोष्टी रस्त्यातच होतात. म्हणून महिनाभर मुक्काम.

काळा चष्मा लावून आबा माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसायचे.

"काय लिव्हती गं एवढं?"

"पुनरुज्जीवन."

"म्हंजी?"

"परत जिवंत करणं, आबा."

"मेल्यालं?"

"मेलेलं नाही. मरायला टेकलेलं."

"मग परत कुठून? हाये की ते अजून जिवंत." आणि थोडं थांबून, "लई लांबडा शब्द हाये. तोवर मरंल की ते."

मी हसले, पण पुस्तिकेतलं एक 'पुनरुज्जीवन' खोडलं.

आबांचा जीव मात्र माझ्या शब्दांत नव्हता, बागेत होता. गावाकडं आमची मोसंबीची बाग आहे. जुनी, आबांनीच लावलेली. बाकी सगळी शेती भाऊ बघतो, बाग तेवढी आबांची. तिला दोन वर्षं धड बहार आला नव्हता. झाडं थकली, विहिरीचं पाणी पुरेना, आणि भावाचं म्हणणं होतं की आता जेसीबी लावून बाग काढावी आणि तिथं दुसरं काही घ्यावं. तो काही वाईट बोलत नव्हता. त्याला त्याची पोरं शिकवायची आहेत. शेवटी दोघांत ठरलं, एवढा एक बहार बघायचा. आला तर बाग राहील. नाही आला तर उन्हाळ्यात जेसीबी.

एकदा दुपारी डोळ्यात थेंब घालताना मी त्यांना म्हटलं, "आबा, काढू द्या की बाग. किती दिवस कष्ट करायचे? आराम करा आता."

थेंब गालावर ओघळला, तसे ते म्हणाले, "बाग गेल्यावर सकाळी उठून मी जाऊ कुठं?"

"म्हणजे?"

"म्हंजी चपला घालून माणूस घराबाहेर पडतं, तर कुठं तरी जाया पायजे ना. तुझ्या भावाला काय विचारायचं रोज, आज मला काय काम देतो म्हणून? बसून खायचं आणि टीव्ही बघायचा. ते बी एका डोळ्यानं."

मी बाटली पुन्हा तिरपी केली. दुसरा थेंब नीट डोळ्यात पडला.

आता मोसंबीचा बहार कसा धरतात, ते सांगायला हवं. मी शेतकऱ्याची मुलगी असूनही मला ते पन्नाशीत कळलं, यावरून मी लहानपणी शेतात काय करत होते ते ओळखा. (बांधावर बसून पुस्तकं वाचत होते.) मोसंबीला फुलं हवी असतील तर आधी तिचं पाणी तोडायचं. महिना, सव्वा महिना, जमीन काळी असेल तर त्याहून जास्त. झाड वाढायचं थांबतं, पानं पिवळी पडतात, काही गळतात. याला म्हणतात बाग ताणावर सोडणं. त्या उपाशी दिवसांत झाड स्वतःशी काय करतं कुणाला ठाऊक, पण ताण पुरा झाल्यावर हलकं पाणी दिलं की फांदी न् फांदी फुलानं भरते. पाणी लवकर दिलं तर नुसता पाला फुटतो. उशीर केला तर झाड हातचं जातं. तेव्हा सगळी मेख ताण तोडायचा दिवस ओळखण्यात.

आणि तो दिवस ओळखणारा माणूस काळा चष्मा लावून माझ्या हॉलमध्ये बसला होता.

भावाला फोन केला की तो म्हणायचा, "ठीक हाये." कालही ठीक, आजही ठीक. फोटो मागवले तर आबांचा फोटोवर विश्वास नाही. "फोटूत पान दिसतं, पानाचा आवाज येतो का?" म्हणून ठरलं की दर आठवड्याला, पाचोडच्या बाजाराच्या दिवशी, गाड्या भरपूर असतात तेव्हा मी जायचं, बाग बघायची, आणि येऊन आबांना सांगायची. शब्दांत. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या धंद्याचा घरात कुणाला तरी उपयोग होता.

पहिल्या फेरीहून आले. आबा वाटच बघत होते.

"कशी हायेत पानं?"

"म्लान झालीयेत."

"म्हंजी किती?"

"म्हणजे... उदास वाटतात."

"अगं, पानाला काय सासुरवास हाये का? पिवळं कुठून पडाया लागलंय, शेंड्याकडून का खालून? चुरगळलं तर आवाज येतो का? वढलं तर देठापसून सुटतं का चिवट हाये?"

 मी पानं बघितली होती, हात लावला नव्हता. नवरा शेजारच्या खोलीतून म्हणाला, "आबा, तिनं निबंध आणलाय, अहवाल नाही."

दुसऱ्या फेरीला मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी वही घेऊन गेले. प्रत्येक ओळीतलं एक झाड धरून पान मुठीत दाबलं, ओढलं, वास घेतला. परत येऊन सांगितलं, खालची पानं हळदीसारखी, शेंड्याची अजून हिरवी पण दुमडलेली, दाबलं तर कागदासारखा आवाज होतो, पण तुटत नाही. आबांनी डोळे मिटून ऐकलं. चष्म्याआड ते मिटलेले होते की नाही माहीत नाही, पण मान हलत होती.

"चांगलं चाललंय," ते म्हणाले. "अजून पंधरा रोज. हात लावायचा नाय."

त्याच आठवड्यात मी आबांची उशी घेऊन शहागंजच्या बाजारात गेले. गावाहून ते स्वतःची उशी घेऊन आले होते, तिच्यात कापूस कमी आणि दगड जास्त होते. कापूस पिंजून देणारे म्हातारे चाचा होते, त्यांना म्हटलं, हा कापूस मेला असेल तर नवाच भरा. त्यांनी बोटांनी एक गोळा उकलला आणि म्हणाले, "रुई मरती नै बाई, दबती. मार पड्या के उठती." घरी येऊन मी आबांना हे सांगितलं तर ते इतके खूश झाले की जेवताना दोनदा मला ते वाक्य म्हणायला लावलं. "हा गडी शेतकरी पायजे हुता," म्हणाले.

मी ते वाक्य यादीत लिहिलं. समजलं मात्र नाही. शब्द लिहून घेतला की तो आपल्याला कळला, असं वाटणं हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे.

तिसऱ्या फेरीला घरी कुणी नव्हतं. भाऊ आणि भावजय दोघं बाजाराला गेले होते. मी एकटीच बागेत शिरले आणि हबकले. आठवड्यात थंडी आणि वारा झाला होता. पायाखाली पानांचा सडा. उरलेली पानं पिवळी, फांद्या उघड्या पडलेल्या, काही झाडं तर काटक्यांच्या जुडीसारखी. पान ओढलं तर सहज हातात आलं. मी वहीत तेही लिहिलं. मग वही मिटली आणि तिथंच ढेकळावर बसले.

आमच्या घरात एक रीत होती. दारात कुणीही आलं, ओळखीचं, अनोळखी, विकणारा, मागणारा, तर आधी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. कोण, कुठला, कशाला आलास, हे नंतर. आई म्हणायची, तहानलेल्याला नाव विचारू नये. दुष्काळी भागातल्या माणसाला पाणी वाया घालवता येत नाही, आणि तहान समोर बसलेली असताना पाणी राखूनही ठेवता येत नाही. आमच्या हातांना तशी सवयच नाही.

समोर सगळी बाग तहानलेली उभी होती. विहिरीवर त्या वेळी लाइट होती. ठिबकचा कॉक माझ्यापासून दहा पावलांवर होता.

मी मनाला सांगितलं, अर्धाच तास. ओठ ओले होण्यापुरतं. आबा म्हणाले होते पंधरा रोज, पण त्यांनी कुठं बघितलंय हे? बघितलं असतं तर त्यांनीच सोडलं असतं. मोटार सुरू केली, कॉक फिरवला. नळ्यांतून आधी हवा फुसफुसली, मग प्रत्येक बुंध्याशी टप टप आवाज सुरू झाला. खरं सांगते, मला इतकं भरून आलं की मी अर्ध्याचा तास कधी केला ते मलाच कळलं नाही. मला वाटत होतं, मी पुस्तिका लिहीत नाहीये, पुस्तिकेतलं करून दाखवतेय.

घरी येऊन आबांना म्हटलं, "पानं बरीच पिवळी आहेत. ओढली की सुटतात."

"आता आठ रोज," ते म्हणाले. "लई नाजूक वेळ हाये ही."

पाण्याचं मी बोलले नाही. त्या आठ दिवसांत मी पुस्तिकेची पंचवीस पानं केली. अपराधी माणसाचं काम फार भराभर होतं.

चौथ्या फेरीला बाग बदललेली होती. दुमडलेली पानं उघडली होती आणि फांद्यांच्या टोकांना कोवळे, पोपटी कोंब आले होते. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. संध्याकाळी आबांसमोर बसले, चहाचा कप त्यांच्या हातात दिला, आणि इतक्या आठवड्यांत जमवलेल्या सगळ्या कौशल्यानं सांगितलं, "आबा, बागेला तजेला आलाय. पानं सरळ झाली, तुकतुकीत दिसतात. शेंड्यांना पोपटी कोंब फुटलेत."

आबांनी कप खाली ठेवला.

"पाणी कुणी सोडलं?"

मी टेबल पुसायला लागले.

"पान आपणहून सरळ व्हत नाय. तुझ्या भावानं सोडलं का?"

त्या क्षणी मी 'हो' म्हणू शकले असते, आणि एक क्षण तसा विचारही मनात आला. तो मी इथं लिहून टाकते, म्हणजे या कहाणीत मी फारच भली दिसायला नको. "मी सोडलं," म्हटलं.

"किती?"

"तासभर. त्यांचे हाल बघवेनात."

त्यांनी कप आणखी लांब सारला. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "झाड मरत नव्हतं बाई. फुलं तयार करत हुतं आतमधी. तू त्याला मधीच उठवून जेवाया घातलं. आता ते खाऊन, पिऊन पाला फोडत बसंल."

"परत ताण दिला तर?"

"थंडी चालली. आता नाय जमायचं."

मी उठून फ्रिजपाशी गेले. ती यादी तिथंच होती. चाचांचं वाक्य सोडलं तर त्यातला एकही शब्द असा नव्हता की ज्यात आधी काही काढून घ्यायचं असतं. सगळे देणारे. प्राण द्या, उजाळा द्या, संजीवनी द्या. आबांच्या भाषेत मात्र बहार 'देत' नाहीत, 'धरतात'. आणि धरायला आधी हात आवरावा लागतो. हे मला चार फेऱ्यांनंतर कळलं होतं, आणि त्याची किंमत मी भरणार नव्हते.

पुढच्या महिन्यात भाऊ आबांना घ्यायला आला. बागेत फूल म्हणावं असं नव्हतं. इथं एक, तिथं दोन. पाला मात्र असा की बघणाऱ्याला वाटावं, काय जोरदार बाग आहे. भाऊ जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला म्हणाला, "आबा, नाय आला बहार. आपलं ठरलं हुतं तसं करू मग."

"पाणी लवकर झालं," आबा म्हणाले.

"कुणी दिलं? मी तर कॉकला हात लावला नाय."

"मी सांगितलं हुतं हिला. वाटलं, झाला ताण पुरा."

माझी तव्यावरची पोळी उलटायची राहिली. भावानं आबांकडे बघितलं, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. मऊ आवाज इतका वाईट असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"असू द्या आबा. वय झालं. चुकायचंच आता. म्हणून तर म्हणतो, कशाला ते बागेचं डोक्याला घेता? बसा निवांत."

आबा ताटाकडे बघत राहिले. मला वाचवायला त्यांनी नेमकी तीच गोष्ट देऊन टाकली होती, जिच्यासाठी हा सगळा आटापिटा होता. बाग जाणार हे एक. पण आबांना आता बागेतलं कळत नाही, हे गावभर होणार, ते वेगळं. मग चपला घालून ते खरोखरच कुठं जाणार होते?

"आबांनी नाही सांगितलं," मी म्हणाले. "ते पंधरा रोज म्हणाले होते. मी न विचारता सोडलं. तुम्ही दोघं बाजाराला गेला होता तेव्हा. तासभर."

"ताई, तू?"

"हो."

"का पण?"

"दया आली."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग तो हसायलाच लागला. आधी खोकल्यासारखा, मग ताट बाजूला सारून. "दया! आबा, ऐका, दया आली! अगं, मग मला म्हणायचं, गुरांना पाणी पाज म्हणून. गव्हाला पाज. त्या शेजारच्या म्हाताऱ्याला पाज, तो रोज मागतो. बरोब्बर ताणावरच्या बागेवरच कशी काय येती दया?"

"तिला पानं उदास वाटली हुती," आबा म्हणाले. ते हसत नव्हते, पण ओठांचा कोपरा हलला.

"आणि हिच्याकडून तुम्ही दिवस ओळखत हुता?"

"सांगत हुती बरोबर. तिनं सांगितल्यावरनंच कळलं मला, पाणी पडलं म्हणून. इथं बसून."

भावाचं हसू थांबलं. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पन्नास किलोमीटरवर, काळा चष्मा लावून, दोन वाक्यांवरून माणसानं बागेत पाणी पडल्याचं ओळखलं होतं. तो जेवला. हात धुतले. मग खिडकीशी उभा राहून म्हणाला, "मृगाचं काय वाटतं?"

मोसंबीला आणखी एक संधी असते, मृग बहाराची. उन्हाळ्यात ताण द्यायचा आणि पावसाच्या तोंडावर बहार धरायचा. पण भर उन्हात ताण म्हणजे दोरीवरची कसरत, आणि पाऊस लांबला तर विहिरीत ताण तोडायलाही पाणी नसतं. आबा म्हणाले, "जमंल. पण रोज बघाया लागंल."

"तुम्ही बघणार. मी नाय," भाऊ म्हणाला. "आणि ताई पाऊस पडेस्तोवर गावात यायची नाय."

असा मला माहेरबंदीचा हुकूम झाला. सासूबाईंनी सुनेला माहेरी पाठवलं नाही, असं ऐकलं होतं. भावानं बहिणीला मोसंबीसाठी अडवलं, असं आमच्याच घरात झालं असावं. तो उन्हाळा मी इथं बसून काढला. कूलरसमोर बसून मी रोज आभाळ बघायचे आणि नवऱ्याला वाटायचं, मी शब्द शोधतेय.

पाऊस लांबला, पण आला. बहारही आला, सगळ्या बागेला नाही. विहिरीकडच्या ओळी पांढऱ्या झाल्या, बांधाकडच्या बऱ्याच झाडांनी काहीच केलं नाही. भावानं तेवढी झाडं काढली. तेव्हा आबा घरातच थांबले, असं भावजयीनं सांगितलं. जेसीबी गेल्यावर मात्र चपला घालून बाहेर पडले आणि उरलेल्या ओळींत जाऊन संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

दिवाळीनंतर डॉक्टरांकडून फोन आला, दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदूही आता पिकलाय, घेऊन या. मी आबांना फोन लावला. मागं वारा होता, आणि ते कुणाला तरी ओरडत होते की त्या फांदीला टेकू दे, वजनानं मोडंल.

"आबा, तारीख घेऊ का?"

"आत्ता? आत्ता मला कुठं सवड हाये?" ते म्हणाले. "बहार उतरल्यावर बघू."